प्रॉक्समॉक्सचे कंटेनर आणि त्यांची नेटवर्क जोडणी : शिरोलीच्या फौंड्रीतील वापरावरून केलेले परीक्षण

प्रॉक्समॉक्स व्हीई ही व्हिएन्नामधील कंपनीने डेबियन लिनक्सवर उभारलेली प्रणाली एकाच सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीनही (सॉफ्टवेअरने उभे केलेले पूर्ण आभासी संगणक) चालवते आणि लिनक्सचे कंटेनरही (त्याच सर्व्हरच्या लिनक्सवर चालणारे हलके, बंदिस्त कप्पे). या परीक्षणात मी तिच्या फक्त एका अंगाबद्दल लिहिणार आहे : कंटेनरला नेटवर्क इंटरफेस (नेटवर्कशी जोडणारे तोंड) कसा दिला जातो, तो देताना कोणत्या सोयी मिळतात आणि कोणत्या ठिकाणी जपून राहावे लागते. विषय इतका आखूड ठेवण्याचे कारण असे की, आपल्याकडच्या लहान-मध्यम कारखान्यांत सर्व्हर घेताना प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांवर भरपूर चर्चा होते, मालकही त्यांचाच भाव विचारतात, आणि प्रत्यक्षात काम अडते ते बहुतेक वेळा नेटवर्कच्या जोडणीपाशी.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील ज्या फौंड्रीचा सर्व्हर माझ्या देखरेखीखाली आहे, तिथली मांडणी आधी सांगतो, म्हणजे पुढचे मुद्दे कोणत्या गरजेतून आले ते कळेल. कार्यालयासाठी टॅली चालवणारे एक विंडोजचे व्हर्च्युअल मशीन आहे. त्याच्या जोडीला फाइलींच्या साठवणीसाठी, हजेरीच्या नोंदींसाठी, अंतर्गत डीएनएससाठी (संगणकाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारी सेवा) आणि प्रयोगशाळेतील स्पेक्ट्रोमीटरच्या अहवालांसाठी वेगवेगळे कंटेनर आहेत. भट्टीतल्या धातूचा नमुना घेऊन त्यातील कार्बन, सिलिकॉन, मँगनीज यांचे प्रमाण सांगणाऱ्या या स्पेक्ट्रोमीटरला जोडलेला संगणक जुन्या विंडोजवर आहे; त्याला इंटरनेटचे वारेही लागू द्यायचे नाही, आणि तरीही त्याचा प्रत्येक अहवाल कार्यालयात आणि ग्राहकाला पाठवायच्या प्रमाणपत्रात यायला हवा. या एका गरजेनेच आमच्या नेटवर्कची बरीचशी रचना ठरवली.

कंटेनर म्हटले की अनेकांना डॉकर आठवतो, पण प्रॉक्समॉक्सचा कंटेनर त्याहून निराळा आहे. डॉकरमध्ये सहसा एकच प्रोग्राम बंदिस्त केलेला असतो आणि त्याचे एखादे पोर्ट बाहेर उघडले जाते. इथे मात्र संपूर्ण डेबियन किंवा उबंटू आत नांदते : त्याच्या सेवा, त्याचे लॉग, त्याचे वापरकर्ते, आणि लॅनवर, म्हणजे कारखान्याच्या अंतर्गत जाळ्यावर, त्याचा स्वतःचा आयपी पत्ता. फक्त कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, होस्टचा (ज्या सर्व्हरवर कंटेनर चालतो त्याचा) असतो. नेटवर्कचे हे वेगळेपण शक्य होते ते लिनक्सच्या नेटवर्क नेमस्पेसमुळे (नेटवर्कचा स्वतंत्र कप्पा), ज्याची सुरुवात जानेवारी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.६.२४ या कर्नलपासून झाली. प्रत्येक नेमस्पेसला आपले इंटरफेस, आपली राउटिंगची (पॅकेट कोणत्या वाटेने पाठवायचे याची) सारणी आणि आपले फायरवॉलचे (वाहतूक अडवण्या-सोडण्याचे) नियम मिळतात. होस्ट आणि कंटेनर यांना जोडण्यासाठी व्हीईथ नावाची आभासी जोडी वापरली जाते. ती दोन तोंडांच्या नळीसारखी असते, एका तोंडाने आत गेलेले पॅकेट (डेटाचा तुकडा) दुसऱ्या तोंडातून बाहेर पडते. एक तोंड कंटेनरमध्ये ईथ० म्हणून दिसते, दुसरे होस्टवर राहते आणि तिथल्या ब्रिजला, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या स्विचला, लावलेले असते.

प्रॉक्समॉक्समध्ये ही पद्धत सुरुवातीपासून नव्हती. ऑक्टोबर २०१५ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीपर्यंत कंटेनरसाठी ओपनव्हीझेड हे जुने तंत्र वापरले जाई, आणि त्यात बहुतेक जण व्हीनेट नावाचा इंटरफेस निवडत. व्हीनेटला मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख-क्रमांक) नसे, त्यामुळे ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना उद्देशून पाठवलेले पॅकेट, आत पोहोचत नसे आणि डीएचसीपी, म्हणजे आपोआप आयपी पत्ता मिळण्याची सोय, चालत नसे. त्याच्या बदल्यात एक सुरक्षितता मिळे : कंटेनरच्या आतील माणसाला स्वतःचा आयपी परस्पर बदलता येत नसे. ४.० पासून ओपनव्हीझेड गेले, एलएक्ससी हे लिनक्सचे कंटेनर-तंत्र आले आणि व्हीईथ हाच एकमेव प्रकार राहिला. माझ्या मते हा बदल योग्य होता, कारण कारखान्याच्या लॅनवर कंटेनरने इतर संगणकांसारखेच वागणे ही पहिली गरज असते. व्हीनेटसोबत गेलेली ती सुरक्षितता परत कशी मिळवायची, हे फायरवॉलच्या संदर्भात पुढे येईलच.

नवा कंटेनर बनवताना नेटवर्कचा जो फॉर्म समोर येतो, तो या उत्पादनाची सर्वांत चांगली बाजू आहे. इंटरफेसचे नाव, मॅक पत्ता, ब्रिज, व्हीलॅनचा (एकाच केबलवरून जाणाऱ्या वेगळ्या आभासी जाळ्याचा) क्रमांक, आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ यांचे पत्ते, गेटवे (बाहेर जाण्यासाठीच्या राउटरचा पत्ता), वेगमर्यादा, एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) आणि फायरवॉलची टिक, असे मोजकेच रकाने असतात. मॅकचा रकाना रिकामा सोडला तर पत्ता आपोआप तयार होतो; ८.१ आवृत्तीपासून तो बीसी:२४:११ ने सुरू होतो, आणि स्विचच्या सारणीत कंटेनर कोणते आणि खऱ्या यंत्रांचे पत्ते कोणते हे यामुळे एका नजरेत कळते. फॉर्म भरून झाला की त्यातले सगळे एका साध्या मजकूर-फाइलीत एका ओळीत लिहिले जाते. १०१ क्रमांकाच्या कंटेनरची फाइल उघडली तर त्यात नेट० ने सुरू होणारी एक ओळ दिसते आणि त्या ओळीत वर सांगितलेला प्रत्येक तपशील स्वल्पविरामाने विभागलेला असतो. दुसरा इंटरफेस दिला की नेट१ ची ओळ येते. यापलीकडे काही नाही. ही ओळ मला छापून नोंदवहीत लावता येते, फोनवरून दुसऱ्याला वाचून दाखवता येते, आणि एखादा कंटेनर बोलेनासा झाला तर तपासाची सुरुवात कुठून करायची हे तीच सांगते.

त्याहून महत्त्वाचे असे की, ही ओळ जे काही घडवते ते सगळे लिनक्सच्या नेहमीच्या साधनांनी तपासता येते. होस्टवर इंटरफेसांची यादी मागितली की व्हीईथ१०१आय० असे नाव दिसते, म्हणजे १०१ क्रमांकाच्या कंटेनरचा शून्यावा इंटरफेस. टीसीपीडंप हे वाहतूक पाहण्याचे साधन त्याच्यावर लावले की त्या एका कंटेनरची वाहतूक वेगळी पाहता येते. या आभासी जोडीच्या होस्टकडील तोंडाचा मॅक पत्ता एफई ने सुरू होतो, आणि तोही सहज म्हणून नाही. लिनक्सचा ब्रिज आपल्याला जोडलेल्या इंटरफेसांपैकी सर्वांत लहान मॅक पत्ता स्वतःचा म्हणून घेऊ शकतो. कंटेनर चालू-बंद होताना ब्रिजचा पत्ता बदलत राहिला तर होस्टचा संपर्क मध्येच तुटेल, म्हणून एलएक्ससी हा पत्ता मुद्दाम मोठा ठेवते. अशी बारीक काळजी घेतलेली दिसली की त्या साधनावरचा विश्वास वाढतो.

कंटेनरच्या आतील नेटवर्कची फाइल प्रॉक्समॉक्स स्वतः लिहिते आणि प्रत्येक वेळी कंटेनर सुरू होताना ती पुन्हा तपासते. डेबियनला त्याच्या पद्धतीने, अल्पाइन लिनक्सला त्याच्या पद्धतीने. आत शिरून हाताने केलेले बदल त्यामुळे टिकतीलच असे नाही. ज्यांना आतली फाइल स्वतःच्या ताब्यात ठेवायची आहे त्यांच्यासाठी त्याच डिरेक्टरीत पीव्हीई-इग्नोर या उपसर्गाची एक रिकामी फाइल ठेवण्याची सोय आहे. ती दिसली की प्रॉक्समॉक्स मूळ फाइलीला हात लावत नाही. ही सोय दस्तऐवजात नोंदलेली आहे, पण फॉर्ममध्ये तिचा कुठेही उल्लेख नाही. तो असायला हवा.

आता व्हीलॅनकडे वळतो, कारण फौंड्रीतला खरा उपयोग तिथे आहे. आमच्याकडे कार्यालयासाठी १०, यंत्रांसाठी २० आणि सीसीटीव्हीसाठी ३० असे व्हीलॅन आहेत. प्रॉक्समॉक्सच्या होस्टवर व्हीएमबीआर० हा ब्रिज तयार करताना ‘व्हीलॅन अवेअर’ ही टिक लावली की एकाच ब्रिजमधून सगळे व्हीलॅन जातात, आणि कंटेनरच्या ओळीत टॅगचा क्रमांक टाकला की तो कंटेनर त्या व्हीलॅनमध्ये जाऊन बसतो. प्रत्येक व्हीलॅनसाठी वेगळा ब्रिज बांधण्याची जुनी पद्धत अजूनही चालते, पण नव्या मांडणीत तिची गरज राहिलेली नाही. स्विचवरील ज्या पोर्टला सर्व्हर जोडलेला आहे ते पोर्ट ट्रंक म्हणून (सगळे व्हीलॅन जाऊ देणारे) ठेवणे मात्र विसरून चालत नाही. तसे नसेल तर प्रॉक्समॉक्समधील सगळे रकाने अचूक भरलेले असूनही कंटेनरला गेटवे दिसणार नाही.

स्पेक्ट्रोमीटरच्या अहवालांचा कंटेनर दोन पायांवर उभा आहे : नेट० कार्यालयाच्या व्हीलॅनमध्ये आणि नेट१ यंत्रांच्या व्हीलॅनमध्ये. जुना विंडोज संगणक आपले अहवाल यंत्रांच्या बाजूने या कंटेनरमध्ये टाकतो आणि कार्यालय ते दुसऱ्या बाजूने वाचते. दोन्ही नेटवर्कांना एकमेकांचे पत्ते कळण्याचे कारणच उरत नाही. ही रचना प्रॉक्समॉक्समध्ये उभी करणे अतिशय सोपे आहे, पण ती नीट वागावी यासाठी तीन गोष्टी पाहाव्या लागतात आणि फॉर्म त्यांपैकी एकीचीही आठवण करून देत नाही.

पहिली गोष्ट गेटवेची. फॉर्म दोन्ही इंटरफेसांना गेटवेचा रकाना देतो, पण कंटेनरला मूलभूत मार्ग (बाहेर जाण्याची नेहमीची वाट) एकच असावा. म्हणून नेट१ चा गेटवे रिकामा सोडावा. दुसरी गोष्ट परतीच्या वाटेची. कार्यालयातील एखाद्या संगणकाने राउटरमार्गे या कंटेनरच्या २० क्रमांकाच्या व्हीलॅनमधील पत्त्यावर संपर्क केला, तर विनंती एका इंटरफेसने येते आणि उत्तर दुसऱ्या इंटरफेसने थेट कार्यालयाच्या व्हीलॅनमध्ये जाते. राउटरला अर्धाच संवाद दिसतो आणि त्याचे फायरवॉल तो तोडते. अंतर्गत डीएनएसमध्ये या कंटेनरचे नाव फक्त कार्यालयाच्या पत्त्याकडे दाखवले की हा प्रश्न उद्भवत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत कमी बोलली जाते आणि तीच सर्वांत गंभीर आहे : पॅकेट पुढे पाठवण्याची, म्हणजे आयपी फॉरवर्डिंगची सेटिंग. होस्टवर ती चालू असेल तर नव्या नेमस्पेसला आयपीव्ही४ ची ही सेटिंग सहसा होस्टकडून वारशाने मिळते. म्हणजे होस्टवर दुसऱ्याच कामासाठी नॅट (अनेक पत्त्यांची वाहतूक एकाच पत्त्यामागून पाठवण्याची व्यवस्था) लावलेले असेल, तर दोन पायांचा हा कंटेनर नकळत दोन नेटवर्कांमधला राउटर बनू शकतो, आणि ज्या जुन्या संगणकाला आपण जपत होतो त्याच्यापर्यंत वाट उघडी होते. कंटेनरच्या आत ती सेटिंग शून्य करून, कंटेनर पुन्हा सुरू झाल्यावरही ती शून्यच राहते ना हे तपासल्याशिवाय अशी रचना कोणत्याही कारखान्यात सोपवू नये.

फायरवॉलबाबत माझे मत संमिश्र आहे. प्रत्येक इंटरफेसच्या फॉर्ममध्ये फायरवॉलची टिक असते, त्यामुळे ती लावली की संरक्षण सुरू झाले असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात नियम लागू होण्यासाठी डेटासेंटरच्या, म्हणजे प्रॉक्समॉक्समधल्या सर्वांत वरच्या, पातळीवर फायरवॉल चालू असावे लागते, त्या कंटेनरच्या स्वतःच्या पर्यायांत ते चालू असावे लागते, आणि इंटरफेसवर टिक असावी लागते. डेटासेंटरच्या पातळीवर ते सुरुवातीला बंदच असते. नवख्या माणसाला रिमोट सर्व्हरमधून बाहेर अडकून पडण्यापासून वाचवण्यासाठी असे ठेवले असेल तर ते समजू शकते; पण इंटरफेसच्या फॉर्ममध्येच ‘वरच्या पातळीवर फायरवॉल बंद आहे’ अशी एक ओळ दाखवणे अवघड नव्हते.

ही टिक लावण्याचा आणखी एक परिणाम माहीत असायला हवा. आयपीटेबल्स या लिनक्सच्या जुन्या साधनावर आधारलेल्या नेहमीच्या फायरवॉलमध्ये टिक लावली की कंटेनर थेट व्हीएमबीआर० ला न जोडता मध्ये एक छोटा वेगळा ब्रिज तयार होतो, ज्याचे नाव एफडब्ल्यूबीआरने सुरू होते, आणि तो ब्रिज आणखी एका आभासी जोडीने मुख्य ब्रिजला लावला जातो. यात बिघाड काही नाही, नियम लावण्यासाठी तशी जागा लागते. पण होस्टवर नॅटची व्यवस्था असेल आणि तिच्यातून जाणाऱ्या कंटेनरवर हे फायरवॉलही असेल, तर जोडण्यांची नोंद ठेवणाऱ्या कॉनट्रॅकला तेच पॅकेट दोनदा भेटते आणि बाहेर जाणारी वाहतूक अडकू शकते. त्यावरचा उपाय, म्हणजे एफडब्ल्यूबीआरवरून येणाऱ्या पॅकेटांना वेगळा कॉनट्रॅक झोन देणे, प्रॉक्समॉक्सच्या दस्तऐवजात दिलेला आहे. नॅट वापरणाऱ्या प्रत्येकाने तो आधी वाचावा. ८.२ आवृत्तीपासून एनएफटेबल्स या त्यानंतरच्या साधनावर आधारलेले नवे फायरवॉल चाचणी-स्वरूपात आले आहे. कारखान्याच्या चालू सर्व्हरवर मी अजून जुनेच ठेवतो.

याच फायरवॉलमधील आयपी फिल्टर हा पर्याय मात्र मी मनापासून सुचवेन. तो चालू केला की कंटेनरला फॉर्ममध्ये जो स्थिर पत्ता दिला आहे त्याशिवाय दुसऱ्या पत्त्याने पॅकेट बाहेर पाठवता येत नाही, आणि मॅक पत्त्याची खातरजमा तर मुळातच केली जाते. व्हीनेटच्या काळात जी सुरक्षितता सहज मिळत होती ती इथे अशी परत मिळते. हजेरीच्या प्रणालीसारखा बाहेरच्या पुरवठादाराने बसवलेला, ज्याच्या आत त्यांची माणसे लॉगिन करतात असा कंटेनर असेल तर हा पर्याय लावलाच पाहिजे. त्यांच्यापैकी कोणी आत शिरून टॅलीच्या मशीनचाच पत्ता घेऊन बसला, तर महिनाअखेरीला काय होईल हे हिशेबनिसांना विचारावे.

वायफायबद्दल थोडक्यात. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या छोट्या वर्कशॉपमध्ये केबल ओढलेली नसते आणि जुना लॅपटॉपच सर्व्हर म्हणून वापरण्याची इच्छा असते. वायफायच्या अ‍ॅक्सेस पॉइंटला एका जोडणीमागे सहसा एकच मॅक पत्ता मान्य असतो, त्यामुळे वायफायचे कार्ड ब्रिजला लावून कंटेनरांना लॅनवर आणणे नेहमीच्या पद्धतीने जमत नाही. अशा ठिकाणी कंटेनरांसाठी आतला वेगळा ब्रिज आणि होस्टवर नॅट, हाच मार्ग उरतो. केबल ओढून घेणे त्याहून स्वस्त पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोव्हेंबर २०२३ च्या ८.१ आवृत्तीपासून एसडीएन, म्हणजे सॉफ्टवेअरने आखलेले नेटवर्क, हा भाग पूर्ण समर्थनासह आला. यात सिंपल, व्हीलॅन, क्यूइनक्यू, व्हीएक्सलॅन आणि ईव्हीपीएन असे झोन (जाळ्याचे प्रकार) आखता येतात आणि त्यांत व्हीनेट नावाची आभासी नेटवर्के बनवून (ओपनव्हीझेडच्या जुन्या व्हीनेटशी यांचा संबंध नाही) कंटेनरच्या फॉर्ममध्ये ब्रिजच्या जागी त्यांचे नाव निवडता येते. सिंपल झोनमध्ये डीएचसीपीही लावता येते. एकट्या सर्व्हरला याचा फारसा उपयोग नाही. दोन-तीन सर्व्हरांचा क्लस्टर (एकत्र जोडलेला गट) असेल तर मात्र क्रमांकाऐवजी नाव वापरणे सोयीचे जाते, कारण फॉर्म भरणाऱ्याला २० म्हणजे यंत्रे की कॅमेरे हे आठवावे लागत नाही. नावाला ८ अक्षरांची मर्यादा आहे, ती नाव ठरवतानाच लक्षात घ्यावी. बदल केल्यावर ‘अप्लाय’ दाबेपर्यंत काहीच लागू होत नाही, हे मला आवडले. घाईत केलेला बदल एकदम सगळ्या क्लस्टरवर जात नाही. व्हीएक्सलॅनचा झोन घेतला तर प्रत्येक पॅकेटमागे ५० बाइट त्याच्या आवरणात जातात, म्हणून नेहमीच्या १५०० च्या जाळ्यावर आतला एमटीयू १४५० ठेवावा लागतो. छोटी पॅकेटे जातात आणि मोठ्या फाइली अडकतात असे लक्षण दिसले तर आधी हाच आकडा पाहावा.

कोल्हापुरात या सगळ्याकडे पाहण्याचे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे पूर. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही वेळी पंचगंगेच्या पाण्यामुळे शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद झाला आणि शहरातून एमआयडीसीत जाणेच शक्य राहिले नाही. कारखान्यातला सर्व्हर कोरडा असला तरी त्याच्यापर्यंत माणूस पोहोचत नाही, वीज किती वेळ टिकेल याचा भरवसा नसतो, आणि शहरातील राजारामपुरीतल्या कार्यालयात बसलेल्यांना ग्राहकांना उत्तरे द्यायचीच असतात. म्हणून शहरात दुसरा एक लहान प्रॉक्समॉक्स सर्व्हर ठेवून रोजचे बॅकअप तिथे पाठवले जातात, आणि पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशारा-रेषेकडे जाऊ लागली की महत्त्वाचे कंटेनर तिथे रिस्टोअर करून तयार ठेवता येतात.

इथे नेटवर्कच्या त्या एका ओळीचे महत्त्व पुन्हा समोर येते. प्रॉक्समॉक्सच्या बॅकअपमध्ये कंटेनरच्या डिस्कसोबत त्याची कॉन्फिगरेशनची फाइलही असते, म्हणजे ब्रिजचे नाव, व्हीलॅनचा टॅग, मॅक आणि आयपी पत्ता हे सगळे सोबत येते. ते दुसऱ्या ठिकाणी लागू पडेल की नाही, हे आपण आधी केलेल्या आखणीवर ठरते. शिरोलीच्या सर्व्हरवर व्हीएमबीआर१ नावाचा ब्रिज असेल आणि राजारामपुरीत तो नसेल, तर रिस्टोअर झालेला कंटेनर सुरूच होणार नाही. म्हणून दोन्हीकडे एकच व्हीएमबीआर०, दोन्हीकडे ‘व्हीलॅन अवेअर’, आणि व्हीलॅनचे क्रमांकही तेच, हा नियम पाळावा. दोन्हीकडचे आयपीचे पट्टे मात्र वेगळे असतात, कारण दोन्ही कार्यालये व्हीपीएनने (इंटरनेटवरून नेलेल्या खासगी जोडणीने) जोडलेली असली तर एकच पट्टा दोन्हीकडे चालत नाही.

यावर मला सर्वांत उपयोगी वाटलेली पद्धत अशी : कार्यालयाच्या बाजूच्या इंटरफेसला आयपीच्या रकान्यात डीएचसीपी निवडावे, आणि दोन्ही ठिकाणच्या राउटरांवर त्या कंटेनरच्या मॅक पत्त्यासाठी आपापल्या पट्ट्यातला एकेक पत्ता राखून ठेवावा. मग कंटेनर जिथे सुरू होईल तिथला पत्ता त्याला आपोआप मिळतो आणि रिस्टोअरनंतर ओळीत काहीच बदलावे लागत नाही. त्यासाठी रिस्टोअर करताना ‘युनिक’ ही टिक लावायची नाही, कारण ती लावली की मॅक पत्ता नव्याने तयार होतो आणि राउटरला तो ओळखू येत नाही. उलट त्याच लॅनवर चाचणीसाठी कंटेनरची दुसरी प्रत काढायची असेल तेव्हा ‘युनिक’ लावणे अत्यावश्यक आहे, आणि तेव्हाही स्थिर आयपी त्या टिकेने बदलत नाही, तो हाताने बदलावा लागतो. रिस्टोअर झालेला कंटेनर सांगितल्याशिवाय सुरू होत नाही, त्यामुळे ओळ तपासायला उसंत मिळते.

डीएचसीपीच्या या पद्धतीची किंमतही आहे. वर सांगितलेले आयपी फिल्टर फॉर्ममधला स्थिर पत्ता आपोआप ओळखते, डीएचसीपीने आलेल्या पत्त्यासाठी मात्र यादी स्वतः भरावी लागते. शिवाय वीज परत आल्यावर राउटरच्या आधी सर्व्हर उभा राहिला तर कंटेनरला पत्ता मिळायला वेळ लागतो. त्यासाठी कंटेनर सुरू होण्याचा क्रम आणि विलंब प्रॉक्समॉक्समध्ये ठरवून द्यावा. यंत्रांच्या व्हीलॅनमधील पत्ते मी स्थिरच ठेवतो, कारण ती यंत्रे पुराच्या वेळी राजारामपुरीला येणार नाहीत.

पर्यायांची तुलना करायची तर इन्कसचे नाव घ्यावे लागेल. २०२३ मध्ये एलएक्सडी या कंटेनर-प्रणालीपासून वेगळा झालेला हा प्रकल्प त्याच एलएक्ससीवर उभा आहे आणि इंटरफेसच्या प्रकारांत तो प्रॉक्समॉक्सहून पुष्कळ उदार आहे : ब्रिज, मॅकव्हीलॅन, आयपीव्हीलॅन, राउटेड, एसआर-आयओव्ही, ओव्हीएन असे सगळे त्यात थेट निवडता येतात. वायफायवर किंवा एकच मॅक पत्ता मान्य करणाऱ्या होस्टिंगवर आयपीव्हीलॅन किंवा राउटेड इंटरफेस फार कामाचे ठरतात, आणि प्रॉक्समॉक्सच्या फॉर्ममध्ये त्यांना जागा नाही. मॅकव्हीलॅनमध्ये मात्र होस्ट आणि कंटेनर एकमेकांशी थेट बोलू शकत नाहीत, हे ठाऊक नसलेला माणूस बराच वेळ फायरवॉलवर संशय घेत बसतो. ज्याला कमांडची सवय आहे आणि विंडोजचे मशीन मुख्य काम नाही, त्याने इन्कस जरूर पाहावे. आमच्यासारख्या ठिकाणी टॅलीचे मशीन आणि कंटेनर एकाच पडद्यावर, एकाच ब्रिजवर आणि एकाच बॅकअपमध्ये लागतात, म्हणून मी प्रॉक्समॉक्सच निवडतो.

दोन किरकोळ गोष्टी. वेगमर्यादेच्या रकान्यातला आकडा मेगाबाइट प्रतिसेकंद असा आहे, तर इंटरनेट पुरवठादार आपला वेग मेगाबिटमध्ये सांगतात. १०० मेगाबिटची मर्यादा हवी असेल तर रकान्यात १२.५ भरावे. आणि कंटेनरमध्ये व्हीपीएन चालवायचे असेल तर वायरगार्डला फारसा त्रास होत नाही, कारण ते ५.६ आवृत्तीपासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, पण ओपनव्हीपीएनला टन नावाचे आभासी उपकरण लागते आणि ते कंटेनरला वेगळे द्यावे लागते. ८.२ पासून उपकरण देण्याची सोय फॉर्ममध्येच असल्याने हे काम पूर्वीइतके किचकट राहिलेले नाही.

खर्चाचे म्हणायचे तर प्रणाली मुक्त परवान्याखाली आहे आणि वर सांगितलेले काहीही वापरण्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. सशुल्क वर्गणी प्रोसेसरच्या सॉकेटमागे वर्षाला घेतली जाते आणि तिच्यासोबत अधिक तपासलेले अपडेट मिळतात. वर्गणी न घेणाऱ्यांनी अपडेटचा स्रोत विनावर्गणी भांडाराकडे वळवावा, अन्यथा अपडेट येणार नाहीत. नेटवर्कशी संबंधित अपडेट लावताना दुसरा एक धडा पाळावा : नव्या कर्नलमध्ये किंवा नवे पीसीआय कार्ड बसवल्यावर खऱ्या नेटवर्क कार्डाचे नाव बदलू शकते, आणि ब्रिजच्या ओळीत जुनेच नाव राहिले तर होस्टसह सगळे कंटेनर लॅनवरून नाहीसे होतात. कार्डाचे नाव त्याच्या मॅक पत्त्यावरून कायमचे बांधून टाकणारी सिस्टमडी या लिनक्समधील सेवा-व्यवस्थापकाची छोटी फाइल सर्व्हर बसवतानाच लिहून ठेवावी, आणि मोठे अपडेट पावसाळ्यापूर्वी, कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीला, सर्व्हरच्या पडद्यासमोर बसून करावे.